पोकलेनमधील संपर्क-बिघाड: कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही

मुंबईत पुनर्विकासासाठी खोदलेल्या तळघरांच्या खड्ड्यांत, मेट्रोच्या कामांवर आणि पावसाळ्यापूर्वी मिठी नदीच्या व नाल्यांच्या गाळात पोकलेन राबताना आपण नेहमी पाहतो. मातीत बकेट घुसवणारी ताकद हायड्रॉलिक तेलाच्या दाबाची असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु इंजिन किती फेऱ्यांवर चालावे, पंपाने एका वेळी किती तेल पुढे ढकलावे आणि भार वाढला की कोणी किती माघार घ्यावी, हे आता इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर ठरवतात आणि त्यासाठी ते आपापसांत सतत संदेशांची देवाणघेवाण करतात. ही देवाणघेवाण थांबली की यंत्राचा एकही लोखंडी भाग तुटलेला नसताना ते काम करेनासे होते. इंजिन मंद फेऱ्यांवर अडकते, बूम जडपणे उचलला जातो, मॉनिटरवर लाल चिन्ह येते आणि त्याखाली संपर्क तुटल्याचा कोड दिसतो.

अशा वेळी साईटवर अनेकदा पहिला विचार येतो तो कंट्रोलर बदलण्याचा. कोडमध्ये इंजिन कंट्रोलरचे नाव आहे, म्हणजे तोच बिघडला असावा, असा तो तर्क असतो. कंट्रोलर हा यंत्रातील महागड्या सुट्या भागांपैकी एक आहे. तो बसवल्यावर त्यात त्या यंत्राचे प्रोग्रॅमिंग भरावे लागते, आणि इतके करूनही तोच कोड पुन्हा आला तर पैसा आणि कामाचे दिवस दोन्ही वाया जातात. संपर्काचा कोड कोणाचे बोलणे ऐकू येईनासे झाले एवढेच सांगतो. ते का ऐकू येत नाही, हे तो सांगत नाही. म्हणून कंट्रोलर मागवण्याआधी तार मोजली पाहिजे, आणि त्यासाठी लागणारे मुख्य साधन म्हणजे साधा मल्टिमीटर असतो. हे काम कोणत्या क्रमाने करावे आणि प्रत्येक आकड्याचा अर्थ काय लावावा, हे येथे सविस्तर मांडले आहे.

दोन तारांवरचे संभाषण

आधुनिक पोकलेनमध्ये किमान तीन कंट्रोलर असतात: इंजिनाचा, पंप व व्हॉल्व्ह सांभाळणारा मुख्य कंट्रोलर आणि ऑपरेटरसमोरचा मॉनिटर. त्यांच्या जोडीला मालकाला यंत्राचा ठावठिकाणा आणि कामाचे तास कळवणारे उपकरण असते, आणि काही यंत्रांत जॉयस्टिकसुद्धा इलेक्ट्रॉनिक असतात. अनेक यंत्रांत ऑपरेटरने थ्रॉटलची गोल खुंटी फिरवली की ती खूण आधी मुख्य कंट्रोलरकडे जाते, तो इंजिन कंट्रोलरला संदेश पाठवतो आणि मग इंजिनाच्या फेऱ्या वाढतात. उलट दिशेने इंजिन कंट्रोलर प्रत्यक्ष फेऱ्या आणि भार कळवत राहतो, आणि त्यावरून मुख्य कंट्रोलर पंपाचा भार कमीजास्त करतो. इंजिनाच्या फेऱ्याच कळत नसतील तर पंपाला पूर्ण भार देणे धोक्याचे असते, कारण इंजिन दबून बंद पडू शकते. म्हणून संपर्क तुटताच यंत्र स्वतःहून कमी ताकदीच्या सुरक्षित अवस्थेत जाते. ऑपरेटरला हायड्रॉलिक पंप गेल्यासारखे वाटते, तेव्हा पुष्कळदा पंप ठणठणीत असतो आणि त्याला मिळणारी माहिती तेवढी बंद झालेली असते.

हे संभाषण ज्या पद्धतीने चालते तिला कॅन म्हणतात. जर्मनीतील बॉश कंपनीने मोटारगाड्यांसाठी ती विकसित केली आणि १९८६ मध्ये जाहीर केली. पुढे १९९३ मध्ये तिला आयएसओ ११८९८ या आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. डिझेल इंजिने, ट्रक आणि अवजड यंत्रे यांसाठी या पद्धतीवर आधारलेला जे१९३९ नावाचा नियमसंच अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने तयार केला, आणि पोकलेनमधील इंजिन साधारणपणे त्याच नियमांनी बोलते. काही उत्पादक यंत्राच्या उर्वरित भागासाठी स्वतःची वेगळी कॅन लाईन ठेवतात, त्यामुळे एकाच यंत्रात दोन किंवा अधिक स्वतंत्र लाईन असू शकतात. तपासणीला सुरुवात करण्यापूर्वी वायरिंगच्या नकाशावरून हे पाहून घ्यावे, नाही तर चुकीच्या लाईनीवर सगळे आकडे बरोबर येतात आणि दिवस संपतो.

लाईन दोन तारांची असते. एकीला कॅन-हाय आणि दुसरीला कॅन-लो म्हणतात. जे१९३९ च्या रंगसंकेतात पहिली पिवळी आणि दुसरी हिरवी असते. कोणीही बोलत नसते तेव्हा दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. संदेशातील शून्य पाठवायचे असते तेव्हा कंट्रोलर हाय तार सुमारे ३.५ व्होल्टपर्यंत वर नेतो आणि लो तार सुमारे १.५ व्होल्टपर्यंत खाली ओढतो. ऐकणारे कंट्रोलर दोन तारांतील फरक तेवढा पाहतात. या फरकाच्या तत्त्वातच पद्धतीची खरी ताकद आहे. स्टार्टर, अल्टरनेटर किंवा सोलेनॉइड यांच्यामुळे लाईनीवर विद्युत गोंगाट आला, तर तो एकमेकींना पीळ घालून नेलेल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो आणि फरक काढताना नाहीसा होतो. हा पीळ तारा नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून घातलेला नसतो, हे दुरुस्ती करणाऱ्याने कायम लक्षात ठेवावे.

लाईनीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, त्याला टर्मिनेटर म्हणतात. जे१९३९ च्या मूळ रचनेत सेकंदाला अडीच लाख बिट, म्हणजे संदेशातील शून्य किंवा एक, जातात, म्हणजे एका बिटच्या वाट्याला ४ मायक्रोसेकंद येतात. इतक्या वेगाने बदलणारी खूण उघड्या टोकावर पोहोचली की परावर्तित होऊन मागे येते आणि पुढच्या बिटमध्ये मिसळते. टर्मिनेटर हे परावर्तन शोषून घेतो. मूळ नियमांनुसार मुख्य लाईन ४० मीटरपर्यंत आणि तिच्यातून कंट्रोलरकडे जाणारी प्रत्येक शाखा १ मीटरपर्यंत लांब असू शकते, आणि एका लाईनीवर ३० पर्यंत उपकरणे चालतात. पोकलेन या मर्यादांच्या खूपच आत असतो, म्हणून एखादा टर्मिनेटर नसतानाही तो बराच काळ चाललेला दिसतो आणि मग गोंगाट वाढला की अधूनमधून दगा देऊ लागतो.

कोड म्हणजे हजेरीपट

प्रत्येक कंट्रोलर ठरलेल्या अंतराने आपले संदेश लाईनीवर सोडतो. इंजिनाच्या फेऱ्यांचा संदेश एका सेकंदात अनेकदा येतो, तर कूलंटच्या तापमानाचा सेकंदातून एकदाच. अपेक्षित संदेश ठरल्या वेळेत आला नाही की ऐकणारा कंट्रोलर कोड नोंदवतो. ही नोंद शाळेच्या हजेरीपटावरील गैरहजेरीसारखी असते. मूल वर्गात नव्हते एवढे तिच्यावरून कळते, पण ते आजारी होते की त्याची बस चुकली, हे कळत नाही. इंजिन कंट्रोलरशी संपर्क नाही हा कोड मुख्य कंट्रोलरने लावला असेल, तर इंजिन कंट्रोलर जळाला असेल, त्याचा फ्यूज गेला असेल, त्याची अर्थिंग सैल झाली असेल, मधली तार तुटली असेल किंवा तिसऱ्याच एखाद्या उपकरणाने लाईन अडवून ठेवली असेल. या सगळ्या शक्यतांत कोड तोच येतो.

जे१९३९ मध्ये कोडचे दोन भाग असतात. पहिला आकडा विषय सांगतो: १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब, ११० म्हणजे कूलंटचे तापमान, १९० म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या आणि ६३९ म्हणजे स्वतः जे१९३९ ची लाईन. दुसरा आकडा बिघाडाचा प्रकार सांगतो. ३ म्हणजे व्होल्टेज नेहमीपेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी आणि ५ म्हणजे प्रवाह कमी किंवा मार्ग खंडित. हे तिन्ही प्रकार साधारणपणे सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगकडे बोट दाखवतात. ९ म्हणजे संदेश ठरलेल्या गतीने येत नाहीत आणि १९ म्हणजे लाईनीवरून आलेली माहितीच सदोष आहे. हे दोन प्रकार संपर्काचे आहेत. उपकरण स्वतःच खराब असल्याचे सांगणारा प्रकार १२ हा वेगळा असतो. तो आलेला नसताना थेट कंट्रोलरवर ठपका ठेवणे घाईचे ठरते. अनेक उत्पादक मॉनिटरवर स्वतःच्या पद्धतीचे कोड दाखवतात, त्यामुळे त्या यंत्राची दुरुस्ती-पुस्तिका हाताशी असणे आवश्यक आहे.

येथे एक गोंधळ वारंवार होतो. अनेक सेन्सरांना कंट्रोलरकडून ५ व्होल्टचा सामाईक पुरवठा मिळतो, आणि त्यातील एक सेन्सर किंवा त्याची तार शॉर्ट झाली की त्या पुरवठ्यावरील सगळ्या सेन्सरांचे कोड एकदम येतात. मॉनिटर कोडांनी भरलेला पाहून संपर्कच गेला असे वाटते. पण त्या कोडांचे प्रकार ३ आणि ४ असतील आणि कंट्रोलर एकमेकांशी बोलत असतील, तर कॅन लाईनीला हात लावण्याचे कारण नाही; ते सेन्सर एकेक करून काढत जावे आणि कोणता काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात ते पाहावे.

कोड एकेकटा वाचू नये, सगळे मिळून वाचावेत. सगळे कंट्रोलर एकाच कंट्रोलरविषयी तक्रार करत असतील, तर त्या कंट्रोलरचा वीजपुरवठा, अर्थिंग, त्याची शाखा किंवा तो स्वतः यांतच दोष शोधावा. प्रत्येक जण प्रत्येकाविषयी तक्रार करत असेल, तर मुख्य लाईन शॉर्ट झाली आहे किंवा एखादे उपकरण ती अडवत आहे. कंट्रोलरांचे दोन गट पडले असतील, म्हणजे एका बाजूचे आपापसांत नीट बोलतात पण पलीकडचे कोणीच ऐकू येत नाही, तर मुख्य लाईन त्या दोन गटांच्या मधल्या भागात तुटलेली असण्याची शक्यता सर्वांत मोठी असते. शक्य असेल तर प्रत्येक कोड कितव्या तासाला आला, किती वेळा आला आणि आता सक्रिय आहे की जुना आहे, हे पुसण्याआधी लिहून ठेवावे. कोड पुसून मग तपासणी सुरू करण्याची पद्धत सोडून दिली पाहिजे, कारण त्यात सर्वांत मोलाचा पुरावा पहिल्याच मिनिटाला नष्ट होतो.

चावी बंद करून पुन्हा चालू केली की यंत्र ठीक होते, हा ऑपरेटरचा अनुभवही असाच पुरावा आहे. त्यामागचे कारण पद्धतीच्या रचनेत आहे. प्रत्येक कंट्रोलर स्वतःच्या चुका मोजतो: पाठवलेला संदेश बिघडला की मोजणी साधारणपणे ८ ने वाढते आणि नीट गेला की १ ने कमी होते. ही मोजणी २५५ च्या पुढे गेली की तो कंट्रोलर इतरांना त्रास होऊ नये म्हणून लाईनीवरून स्वतःला वेगळा करतो. काही कंट्रोलर थोड्या वेळाने आपोआप परततात, तर काही चावी फिरवेपर्यंत गप्प राहतात. तेव्हा चावी फिरवल्याने दोष गेलेला नसतो. मोजणी तेवढी पुन्हा शून्यापासून सुरू झालेली असते आणि सैल पिन जागच्या जागी असते.

आधी वीज, मग कॅन

कॅनच्या तारांना हात लावण्याआधी वीजपुरवठा तपासावा. पोकलेनमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट मिळवलेले असतात. त्यांतील एक कमजोर झाली की स्टार्टर फिरताना व्होल्टेज इतके घसरते की एखादा कंट्रोलर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि इतर सगळे त्याची गैरहजेरी नोंदवतात. दर वेळी यंत्र सुरू करतानाच कोड येत असेल, तर पहिला संशय बॅटरी, तिचे टर्मिनल आणि बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी यांच्यावर घ्यावा.

नुसते व्होल्ट मोजणे पुरेसे नसते. बारीक धाग्यांपैकी एकच धागा शिल्लक राहिलेली तारही मल्टिमीटरवर पूर्ण २४ व्होल्ट दाखवते, कारण मीटर जवळजवळ प्रवाहच ओढत नाही. म्हणून चावी बंद ठेवून कंट्रोलरचा कनेक्टर काढावा, हार्नेसच्या, म्हणजे यंत्रातील तारांच्या जुडग्याच्या, बाजूच्या पुरवठ्याच्या आणि अर्थिंगच्या पिनांमध्ये ट्रकच्या इंडिकेटरचा २४ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब जोडावा आणि मग चावी चालू करावी. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर मार्ग चांगला आहे. मंद पेटला तर कुठेतरी अडथळा आहे. हा बल्ब कॅनच्या तारांना मात्र कधीही लावू नये. अर्थिंगसाठी आणखी एक चाचणी करावी: कनेक्टर जोडलेला आणि यंत्र चालू असताना बॅटरीचे ऋण टोक आणि कंट्रोलरची अर्थिंग पिन यांमधील व्होल्टेज मोजावे. ते जवळजवळ शून्य असले पाहिजे. अर्ध्या व्होल्टच्या आसपास काही दिसले, तर अर्थिंगचा बोल्ट खोलून रंग आणि गंज घासून काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

साठ ओहमची चाचणी

चावी बंद करावी, बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा आणि काही मिनिटे थांबावे, कारण चावी बंद केल्यावरही काही कंट्रोलर थोडा वेळ जागे असतात आणि वीज असताना घेतलेले ओहमचे माप खोटे येते. नंतर डायग्नोस्टिक कनेक्टरवर, म्हणजे तपासणीचे उपकरण जोडण्याच्या जागी, कॅन-हाय आणि कॅन-लो यांच्यामधील ओहम मोजावेत. जे१९३९ च्या नऊ पिनांच्या गोल कनेक्टरवर सी ही पिन हाय आणि डी ही पिन लो असते. ए अर्थिंगची आणि बी बॅटरीची असते. दुसऱ्या पद्धतीचा कनेक्टर असेल तर पिना पुस्तिकेतून पाहाव्यात.

माप सुमारे ६० ओहम आले पाहिजे, कारण १२० ओहमचे दोन टर्मिनेटर समांतर जोडलेले असतात. १२० आले तर एकच टर्मिनेटर मीटरला दिसतो आहे: दुसरा निखळला आहे, जळाला आहे किंवा त्याच्याकडे जाणारी तार तुटली आहे. अशा वेळी ज्या टर्मिनेटरपर्यंत हात सहज पोहोचतो तो काढून पाहावा. माप अनंत झाले तर हाच दिसत होता आणि दोष दुसऱ्या बाजूला आहे. माप १२० च राहिले तर दोष याच बाजूला आहे. शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. ४० ओहम आले तर लाईनीवर तिसरा टर्मिनेटर आहे, आणि तो बहुधा नंतर बसवलेल्या एखाद्या उपकरणाने आणलेला असतो. ७० ते ९० असे अधलेमधले किंवा तार हलवली की बदलणारे माप म्हणजे गंजलेला किंवा सैल जोड. काही यंत्रांत टर्मिनेटर वेगळा नसून मॉनिटर किंवा इंजिन कंट्रोलरच्या आतच असतो, त्यामुळे तो कंट्रोलर काढल्यावर १२० येणे हा दोष नव्हे.

त्यानंतर दोन्ही तारांचे बॉडीशी आणि बॅटरीच्या धन बाजूशी ओहम मोजावेत. ते काही हजारांच्या वर असले पाहिजेत. काही ओहमच निघाले तर तारेची साल कुठेतरी घासून ती लोखंडाला किंवा पुरवठ्याच्या तारेला टेकली आहे.

साठ ओहम मिळाले म्हणून लाईन निर्दोष ठरत नाही, हे मी आग्रहाने सांगू इच्छितो. हे माप मुख्य लाईन आणि तिचे दोन टर्मिनेटर एवढ्यांविषयीच बोलते. एखाद्या कंट्रोलरकडे जाणारी शाखा पूर्ण तुटली तरी मुख्य लाईनीवर ६० ओहम तसेच राहतात आणि तो कंट्रोलर गैरहजरच असतो. अशा वेळी त्या कंट्रोलरचा कनेक्टर काढून त्याच्या पिनांवर पुन्हा मोजावे. तेथे काहीच दिसले नाही तर तुटलेली शाखा सापडली. केवळ ज्याच्या आत टर्मिनेटर आहे अशा कंट्रोलरच्या पिनांवर १२० अपेक्षित धरावेत.

आता वीज चालू करून प्रत्येक तारेचे बॉडीशी व्होल्ट मोजावेत. मल्टिमीटर वेगाने बदलणाऱ्या खुणांची सरासरी दाखवतो, त्यामुळे हाय तार २.५ पेक्षा किंचित वर, लो तार किंचित खाली आणि दोहोंची बेरीज जवळपास ५ असे चित्र दिसावे. दोन्ही तंतोतंत २.५ असतील तर एक तर कोणीच बोलत नाही किंवा दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या आहेत. या दोहोंतील निवाडा आधी घेतलेले ओहम करतात. हाय तार शून्यावर असेल तर ती बॉडीला टेकली आहे. दोन्ही तारा ५ च्या बऱ्याच वर गेल्या असतील तर बॅटरीचा पुरवठा त्यांच्यात शिरला आहे.

माप संशयास्पद असेल, तर चावी बंद करून एकेक उपकरण काढत जावे आणि प्रत्येक वेळी तेच माप पुन्हा घ्यावे. नंतर बसवलेली उपकरणे सर्वांत आधी काढावीत. एकही उपकरण काढून फरक पडला नाही, तर दोष हार्नेसमध्ये आहे; मग मधला एखादा मोठा कनेक्टर उघडून लाईनीचे दोन भाग करावेत, कोणत्या भागात दोष राहतो ते पाहावे आणि त्या भागाचे पुन्हा दोन करावेत.

मुंबईत दोष कोठे सापडतात

मुंबईच्या जमिनीखाली काळा बेसॉल्ट खडक आहे. तळघरांसाठी खोल खणताना बकेटच्या जागी ब्रेकर लावून तो तासन्तास फोडावा लागतो, आणि त्या आघातांची कंपने आर्म व बूममार्फत वरच्या ढाच्यापर्यंत पोहोचतात. पिना कनेक्टरमध्ये सूक्ष्म अंतराने घासत राहतात, त्यांचा मुलामा झिजतो आणि संपर्क क्षणोक्षणी तुटू लागतो. डोळ्याला ही झीज दिसत नाही. ती ओळखण्यासाठी त्याच मापाची सुटी पिन स्त्री-पिनेत, म्हणजे दुसरी पिन जिच्यात बसते त्या पोकळ पिनेत, घालून बाहेर ओढून पाहावी. ती हलक्या हाताने निसटली तर ती स्त्री-पिन बदलावी. मीटरची टोकदार सुई स्त्री-पिनेत कोंबून मोजल्यानेही ती कायमची रुंदावते. तपासणीनेच नवा दोष निर्माण होण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

दुसरे कारण खाऱ्या हवेचे आणि पाण्याचे. खाडीजवळच्या आणि नाल्यांतील कामांवर चिखलाबरोबर खारे पाणीही येते, आणि जून ते सप्टेंबर हवा सतत ओलसर असते. काम संपल्यावर दाबाच्या पाण्याने यंत्र धुताना कनेक्टरवर थेट फवारा बसला की पाणी रबराच्या सीलपलीकडे जाते. तांब्यावर हिरवट थर धरतो, आणि पाणी तारेच्या धाग्यांमधून सालीच्या आतल्या आत दूरवर चढत जाते. म्हणून कनेक्टरजवळची तार काळी पडलेली दिसली, तर चकचकीत तांबे लागेपर्यंत ती मागे कापत जावी. कनेक्टरमधील न वापरलेल्या छिद्रांची प्लॅस्टिकची बुचे गायब असतील, तर पाणी तेथूनच शिरले असे धरून चालावे. पावसात बराच काळ उभ्या राहिलेल्या यंत्रांत उंदीर आणि घुशी आसरा घेतात आणि हार्नेस कुरतडतात. सीटखाली आणि इंजिनाच्या मागच्या कोपऱ्यात टॉर्च लावून पाहिल्याशिवाय तपासणी पूर्ण समजू नये.

बकेटचे दात किंवा बूमवरील तडे यांचे वेल्डिंग करताना मुख्य स्विच चालूच ठेवला आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प दूर कुठेतरी लावली, तर मोठा प्रवाह बेअरिंग आणि हार्नेसमधून वाट काढतो. कंट्रोलर खरोखर जळण्याच्या कारणांत वेल्डिंगचे स्थान मोठे आहे. मुख्य स्विच बंद करणे, कंट्रोलरचे कनेक्टर काढणे आणि क्लॅम्प वेल्डिंगच्या अगदी शेजारी लावणे, या तीन गोष्टी साईटच्या पर्यवेक्षकाने वेल्डरकडून प्रत्येक वेळी करून घेतल्या पाहिजेत. नवा बिघाड आलेल्या यंत्राविषयी ऑपरेटरला पहिला प्रश्न विचारावा तो हाच, की गेल्या काही दिवसांत वेल्डिंग, धुणे किंवा नवे काही बसवणे यांपैकी काय झाले.

नवे काही बसवणे यात डिझेलचा आणि तासांचा हिशेब ठेवणारे ट्रॅकर आघाडीवर आहेत. ते बसवणारा कॅनच्या तारांची साल सोलून त्यांवर आपल्या तारा गुंडाळतो, लांब आणि पीळ नसलेली शाखा ओढतो आणि कधी ट्रॅकरच्या आत तिसरा टर्मिनेटरही असतो. असा ट्रॅकर काढल्याबरोबर जुनाट बिघाड थांबल्याची उदाहरणे मेकॅनिक मंडळींकडून सर्रास ऐकायला मिळतात. मालकाला त्या माहितीची गरज खरी आहे, पण जोडणी उत्पादकाने दिलेल्या कनेक्टरवरूनच व्हावी.

दुरुस्ती आणि खात्री

कॅनची तार जोडताना पिळून टेप लावण्याची सवय येथे चालत नाही, कारण असा जोड पहिल्या पावसाळ्यात ओल धरतो. योग्य मापाची क्रिम्प स्लीव्ह वापरावी, वरून आतून चिकट असलेली उष्णतेने आवळणारी नळी चढवावी, दोन तारांचे जोड एकमेकांसमोर न आणता थोडे मागेपुढे ठेवावेत आणि पीळ जोडाच्या अगदी जवळपर्यंत कायम राखावा. तारांभोवती धातूची जाळी असेल, तर ती एकाच ठिकाणी अर्थ केलेली असते. दुरुस्तीच्या जागी तिला दुसरी अर्थिंग देऊ नये. मोजण्यासाठी सालीला सुईने भोक पाडू नये, कारण त्या भोकातून ओल आत जाते. टर्मिनेटरवरच संशय असेल आणि मूळ भाग यायला वेळ असेल, तर लॅमिंग्टन रोडवर मिळणारा १२० ओहमचा साधा रेझिस्टर तात्पुरता जोडून निदान पक्के करता येते; कायमचा म्हणून तो ठेवू नये, कारण त्याला सील नसते.

मल्टिमीटरवर सर्व काही ठीक दिसते आणि तरीही संपर्क अधूनमधून तुटतो, तेव्हा ऑसिलोस्कोप लागतो. त्यावर प्रत्येक बिटचा आकार दिसतो, परावर्तनाने आलेले शिंगासारखे टोक दिसते आणि एखादे उपकरण लाईन दाबून ठेवत असेल तर तेही दिसते. कंट्रोलर बदलण्याचा निर्णय या टप्प्यानंतर घ्यावा: पुरवठा आणि अर्थिंग भाराखाली चांगली आहे, त्याच्या पिनांपर्यंत लाईन सलग आहे, इतर सर्व कंट्रोलर बोलत आहेत आणि तो मात्र गप्प आहे, एवढे सगळे लेखी हाती असताना.

दुरुस्तीनंतर कोड पुसून चावी फिरवली आणि मॉनिटर स्वच्छ दिसला, एवढ्यावर यंत्र सोडू नये. इंजिन चालू ठेवून, फिरत्या आणि गरम भागांपासून हात दूर ठेवत, हार्नेस टप्प्याटप्प्याने हलवावा आणि त्या वेळी डायग्नोस्टिक उपकरणावर संदेश तुटतात का ते पाहावे. नंतर ज्या कामात दोष येत होता तेच काम करून घ्यावे: ब्रेकरवर येत असेल तर ब्रेकर, गरम झाल्यावर येत असेल तर यंत्र पूर्ण गरम होईपर्यंतचे काम. शेवटी ओहम आणि व्होल्ट पुन्हा मोजून ते तासांच्या आकड्यासह यंत्राच्या नोंदवहीत लिहावेत. पावसाळ्याआधी, यंत्र निरोगी असतानाही ही मापे एकदा घेऊन ठेवावीत, म्हणजे जुलैमध्ये ६० चे ७४ झालेले दिसले की कोणता कनेक्टर आधी उघडायचा याची दिशा मेकॅनिकला लगेच मिळते.